प्रोसेसर स्वतःच सांगतो काय दुखतंय : कॉम्प्युटरचा हार्डवेअर एरर रिपोर्ट कसा वाचावा

‘सीपीयू गेला, बदलावा लागेल.’ संगमेश्वर असो, देवरुख असो, चिपळूण असो की रत्नागिरी, कॉम्प्युटर दुरुस्तीला दिला की हे वाक्य कधी ना कधी ऐकायला मिळतंच. शाळा, मदरसा, जमातीचं ऑफिस किंवा घर, कुठलाही कॉम्प्युटर असला तरी आपण मान डोलावतो आणि पैसे मोजतो. कोणी दुबईहून भावाने पाठवलेल्या पैशातून घेतलेला असतो, कोणी वर्गणी काढून घेतलेला असतो. महाडीबीटीच्या स्कॉलरशिपचा अर्ज शेवटच्या तारखेला भरायचा असतो आणि मशीन निळी स्क्रीन दाखवून बंद पडतं. अशा वेळी घाईत जो सांगेल ते आपण मानतो.

पण एक गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक असते. काय बिघडलं याची नोंद बऱ्याचदा त्या कॉम्प्युटरनेच करून ठेवलेली असते. ती नोंद आपल्याला वाचता येत नाही, एवढंच. आम्ही इंजिनिअर नाही, शिक्षक आहोत. तरीही सांगतो, ज्याला बायनरी म्हणजे शून्य आणि एकची संख्या पद्धत येते, त्याला ही नोंद निदान अर्धी तरी वाचता येते. आणि अर्धी वाचता आली तरी दुकानात जाऊन योग्य प्रश्न विचारता येतो.

आधी एक गैरसमज दूर करू

आपल्याकडे टेबलाखाली ठेवलेल्या अख्ख्या पेटीला ‘सीपीयू’ म्हणतात. खरं तर ती पेटी म्हणजे कॅबिनेट. सीपीयू म्हणजे प्रोसेसर. तो मदरबोर्डवर, पंख्याखाली बसवलेला चौकोनी तुकडा असतो, बिस्किटाएवढा. पेटीत त्याच्याबरोबर रॅम असते, हार्ड डिस्क असते, वीज पुरवणारा एसएमपीएस असतो. म्हणून कोणी ‘सीपीयू गेला’ म्हणालं तर पहिला प्रश्न हा विचारा : पेटीतलं नेमकं काय गेलं? प्रोसेसर, बोर्ड, रॅम की एसएमपीएस? आणि हे कशावरून ठरवलं?

अनुभव असा की या सगळ्यांत प्रोसेसर हाच सर्वांत कमी बिघडणारा भाग. त्याच्या आधी रॅम, एसएमपीएस, पंखा आणि बोर्डवरचे कपॅसिटर दमतात.

प्रोसेसरला चूक कळते कशी?

कॉम्प्युटरच्या आत सगळी माहिती शून्य आणि एकच्या रूपात फिरते. यातला एखादा शून्य चुकून एक झाला तर? अक्षर बदलेल, मार्क बदलतील, कदाचित बँकेतली रक्कमही बदलेल. म्हणून प्रोसेसर माहितीसोबत एक खूण ठेवतो. समजा, वर्गातून मुलांना मैदानावर पाठवताना नियम केला की प्रत्येक रांगेतली संख्या सम असली पाहिजे. मैदानावर पोचल्यावर रांग विषम निघाली तर कोणीतरी मधेच सटकलं हे लगेच कळतं. कोण सटकलं ते मात्र कळत नाही. याला पॅरिटी म्हणतात. याहून हुशार पद्धत म्हणजे ईसीसी. तीत खुणा अशा ठेवलेल्या असतात की एक बिट बदलला तर कोणता बदलला तेही कळतं आणि तो जागच्या जागी दुरुस्त होतो. दोन बदलले तर चूक झाल्याचं कळतं, पण दुरुस्त होत नाही.

आता शून्याचा एक होतोच कशाला? कारणं बरीच आहेत. उष्णता, वीज कमी-जास्त होणं, जुना झालेला भाग, सैल कनेक्शन. आणि एक कारण थेट आकाशातून येतं. अवकाशातून येणारे कॉस्मिक किरण वातावरणावर आदळतात, त्यातून निघालेले कण खाली येतात आणि क्वचित एखादा बिट उलटवतात. ज्या कॉस्मिक किरणांवर डॉ. होमी भाभांनी संशोधन केलं आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ज्यांचा अभ्यास आजही चालतो, तेच हे किरण. २००३ साली बेल्जियममध्ये ब्रुसेल्सजवळच्या स्खारबेक इथे निवडणुकीत एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्त दिसली. ४०९६ म्हणजे दोनचा बारावा घात, म्हणजे नेमका एक बिट उलटला. सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडला नाही, म्हणून संशय असाच बिट उलटण्यावर गेला. एक बिट किती महाग पडू शकतो ते यावरून बघा.

अशी चूक पकडली की ती लिहून ठेवायची सोय प्रोसेसरमध्येच असते. इंटेलने १९९५ च्या पेंटियम प्रो प्रोसेसरपासून ही व्यवस्था नीट बसवली. तिला मशीन चेक म्हणतात. प्रोसेसरच्या वेगवेगळ्या विभागांसाठी वेगवेगळे रकाने असतात. त्यांना ‘बँक’ म्हणतात (पैशांची नव्हे, नोंदींची). कॅशची एक बँक, मेमरी कंट्रोलरची दुसरी, अशा. प्रत्येक बँकेत ६४ बिटांची एक स्थिती-नोंद असते. ती उघडली की झालं तेवढं सगळं समोर येतं.

ही नोंद सापडते कुठे?

विंडोजमध्ये स्टार्टवर ‘इव्हेंट व्ह्यूअर’ शोधा. त्यात विंडोज लॉग्ज, मग सिस्टम. उजवीकडे भलीमोठी यादी येईल. त्यात सोर्सच्या रकान्यात ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ असं नाव बघा. हाच आपला बातमीदार. त्याच्यापुढे इव्हेंटचा नंबर असतो :

१९ नंबर म्हणजे प्रोसेसरकडून आलेली, पण दुरुस्त झालेली चूक. मशीन चालूच राहिलं.

१८ नंबर म्हणजे दुरुस्त न झालेली, मशीन बंद पाडणारी चूक.

४७ नंबर म्हणजे मेमरीतली दुरुस्त झालेली चूक.

१७ नंबर बहुधा पीसीआय एक्स्प्रेसची चूक, म्हणजे ग्राफिक्स कार्ड, वायफाय कार्ड किंवा एसएसडी ज्या वाटेने जोडलेलं असतं त्या वाटेवरची. इथे प्रोसेसर बदलून काही होणार नाही.

आणखी एक नंबर सगळ्यांना घाबरवतो. ४१, कर्नेल-पॉवर. लाल खूण बघून लोक समजतात मोठं काही बिघडलं. त्याचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. आपल्याकडे पावसाळ्यात दिवसातून चार वेळा लाईट जाते, त्या प्रत्येक वेळी यूपीएस नसलेल्या मशीनवर ४१ येणारच. नुसत्या ४१ वरून प्रोसेसरवर आळ घेणं म्हणजे गैरहजेरी बघून मुलाला नापास करण्यासारखं आहे.

निळी स्क्रीन आली असेल आणि तिच्यावर ‘व्हिया अनकरेक्टेबल एरर’ असं दिसलं असेल तर त्याचा कोड ०एक्स१२४. मशीन पुन्हा सुरू झालं की त्याच सिस्टम लॉगमध्ये १००१ नंबरची ‘बगचेक’ नोंद शोधा. तीत ०एक्स१२४ च्या पुढे कंसात चार आकडे असतात. पहिला शून्य असेल तर प्रकरण मशीन चेकचं आहे. तिसरा आणि चौथा आकडा जोडला की तीच ती ६४ बिटांची नोंद.

शाळेत उबंटू किंवा सी-डॅकचं बॉस लिनक्स असेल तर टर्मिनलमध्ये ‘डीएमईएसजी’ कमांड द्या आणि ‘हार्डवेअर एरर’ हे शब्द शोधा. तिथे सीपीयूचा नंबर, बँकेचा नंबर आणि पुढे सोळा अंकी नोंद सरळ लिहिलेली सापडेल.

आता एक नोंद उघडून बघू

समजा तिसरा आकडा ‘बीई००००००’ आणि चौथा ‘००८००४००’ आहे. स्क्रीनवर ही अक्षरं इंग्रजीत दिसतात. ही सोळाची संख्या पद्धत. तीत ए म्हणजे १०, बी म्हणजे ११, असं करत एफ म्हणजे १५. पहिले दोन अंक घ्या. बी म्हणजे ११, बायनरीत १०११. ई म्हणजे १४, बायनरीत १११०. हे आठ बिट म्हणजे आठ प्रश्नांची उत्तरं. डावीकडून वाचत जा, १ म्हणजे हो, ० म्हणजे नाही :

पहिला : नोंद खरी आहे का? हो.

दुसरा : आधीची एखादी नोंद काढण्याआधीच नवी चूक आली का? नाही.

तिसरा : चूक दुरुस्त व्हायची राहिली का? हो. सर्वांत महत्त्वाचा बिट हाच.

चौथा : या चुकीची खबर द्यायची सोय चालू होती का? हो.

पाचवा : जादा माहिती ठेवली आहे का? हो.

सहावा : पत्ता ठेवला आहे का? हो.

सातवा : प्रोसेसरची स्वतःची स्थितीच बिघडली का? हो. म्हणूनच मशीन पुढे चालू शकलं नाही.

आठवा बिट नव्या प्रोसेसरमध्ये वेगळ्या कामाचा आहे, तो सध्या सोडून द्या.

आता शेवटचे चार अंक : ०४००. इंटेलच्या पद्धतीत याचा अर्थ अंतर्गत टायमरची चूक. म्हणजे काय तर प्रोसेसरचा एखादा कोर काम पुढे सरकण्याची वाट बघत राहिला, ठरलेली वेळ संपली, तरी उत्तर आलं नाही. अनेकदा याच्यामागे अपुरा व्होल्टेज, ओव्हरक्लॉकिंग किंवा उत्तर न देणारं दुसरं एखादं उपकरण असतं.

दुसरी नोंद बघा : ‘८सी००००४०’ आणि ‘०००१००९०’. आठ म्हणजे १०००, सी म्हणजे ११००. पहिला बिट हो, नोंद खरी. तिसरा नाही, म्हणजे चूक दुरुस्त झाली. सातवाही नाही, प्रोसेसर ठणठणीत. पहिल्या भागातला ४ हा अंक चुकांची मोजणी सांगतो, इथे ती एक आहे. शेवटी ००९० : मेमरी कंट्रोलर, वाचताना चूक, चॅनल शून्य. म्हणजे दुखणं शून्य नंबरच्या चॅनलवरच्या रॅमकडे बोट दाखवतं. अशी नोंद ईसीसी रॅम असलेल्या सर्व्हरवर दिसते. इथे कोणी प्रोसेसर बदलला तर पैसे गेले आणि दुखणं तसंच राहिलं.

शेवटच्या चार अंकांचा थोडक्यात हिशोब वहीत लिहून ठेवा. ०००५ म्हणजे अंतर्गत पॅरिटीची चूक. ००१० ते ००१एफ म्हणजे टीएलबी, म्हणजे मेमरीचे पत्ते लक्षात ठेवणारी प्रोसेसरमधली वही. ००८० ते ००एफएफ म्हणजे मेमरी. ०१०० ते ०१एफएफ म्हणजे कॅश. ०८०० ते ०एफएफएफ म्हणजे बस, एका भागाला दुसऱ्या भागाशी जोडणारी वाट. एएमडीच्या प्रोसेसरमध्ये पहिले सात बिट याच अर्थाचे असतात, पुढचा तपशील मॉडेलप्रमाणे बदलतो.

खबर देणारा आणि गुन्हेगार एकच नसतो

सगळा गोंधळ इथेच होतो. रिपोर्टवर ‘प्रोसेसर कोर’ असं लिहिलेलं दिसतं आणि आपण म्हणतो, प्रोसेसर खराब. पण प्रोसेसर इथे मुखबिर आहे. चूक त्याच्या घरात उघडकीला आली एवढंच तो सांगतो. ती बाहेरून आलेली असू शकते. एसएमपीएस थकला आणि व्होल्टेज क्षणभर पडला, तरी चूक कॅशमध्येच दिसेल. थर्मल पेस्ट सुकली आणि प्रोसेसर तापला, तरी बातमी त्याच्याच नावावर येईल.

कोकणात तर कारणांची कमी नाही. शास्त्री आणि सोनवी नद्यांच्या संगमावरचं आपलं गाव, चार महिने हवा इतकी दमट की कपाटातल्या वह्यांना बुरशी येते. रॅमच्या सोनेरी पट्ट्या आणि स्लॉट यांच्यावर थर धरतो. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत मशीन तापतं. पंख्यात धूळ आणि जळमटं अडकतात. वळवाच्या पावसात विजा पडतात, वीज कमी-जास्त होते, आणि अर्थिंग किती ठिकाणी नीट असतं ते आपण सगळे जाणतो.

म्हणून एका नोंदीवरून निकाल देऊ नका. दहा-पंधरा नोंदी लिहून काढा आणि तीन गोष्टी ताडून बघा.

एक, कोर कोणता? नोंदीत ‘एपिक आयडी’ असतो. दर वेळी तोच कोर आणि तीच बँक येत असेल तर प्रोसेसरवरचा संशय वाढतो. दर वेळी कोर बदलत असेल तर सगळ्यांना मिळून लागणाऱ्या गोष्टी बघा, म्हणजे वीज, उष्णता, बोर्ड. लक्षात ठेवा, बऱ्याच प्रोसेसरमध्ये एका कोरचे दोन आयडी असतात, तेव्हा शून्य आणि एक हे एकाच घरचे असू शकतात.

दोन, वेळ कोणती? दुपारीच चुका येत असतील तर उष्णता. पाण्याचा पंप किंवा झेरॉक्स मशीन सुरू झालं की येत असतील तर वीज.

तीन, किती वेळा? वर्षात एखादी दुरुस्त झालेली चूक आली तर नोंद ठेवा आणि विसरा. रोज येऊ लागल्या, किंवा आठवड्याला वाढत गेल्या, तर मशीन पुढच्या मोठ्या बिघाडाची आगाऊ सूचना देतंय असं समजा.

दुकानात जाण्याआधी

पहिलं काम डेटाची कॉपी. निकालपत्रकं, दाखले, जमातीचा हिशोब, सगळं पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या मशीनवर घ्या. चूक दुरुस्त न झालेल्या मशीनवर भरवसा ठेवू नका.

मग बायोसमध्ये जाऊन सगळ्या सेटिंग मूळ स्थितीत आणा. कोणी वेग वाढवून ठेवला असेल तर तो निघून जाईल. त्यानंतर वायर काढून, पेटी उघडून धूळ साफ करा. रॅम काढून तिच्या पट्ट्या खोडरबरने हळूच घासा आणि परत घट्ट बसवा. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा. ‘मेमटेस्ट’ हा मोफत प्रोग्राम रात्रभर चालवा. त्यात एक जरी चूक दिसली तरी रॅम, स्लॉट किंवा रॅमची सेटिंग यांच्यात दोष आहे. प्रोसेसरचं तापमान बघा, काम करताना ते शंभर अंशांच्या घरात जात असेल तर पेस्ट आणि पंखा आधी बदला. पेस्टची ट्यूब प्रोसेसरच्या मानाने किरकोळ किमतीत येते. त्यानंतर शक्य असेल तर दुसऱ्या चालू मशीनचा एसएमपीएस लावून बघा. एसएमपीएस स्वतः मात्र कधीच उघडू नका, वायर काढली तरी त्यात जीवघेणा दाब शिल्लक राहू शकतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन दिवस थांबा. सगळं एकदम बदललं तर काय बरं झालं ते कळणार नाही. हे सगळं करूनही त्याच कोरवर, त्याच बँकेत चूक येत राहिली, तर मात्र प्रोसेसर खराब आहे असं म्हणायला आधार मिळतो.

रिपोर्ट नसला म्हणजे सगळं ठीक?

नाही. मशीन चेक तीच चूक सांगतो जी प्रोसेसरला स्वतःला कळते. १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियमचा भागाकार चुकतो हे अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांनी शोधून काढलं. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागलं तर उत्तर १.३३३८२ यायला हवं, तो १.३३३७४ सांगायचा. कुठलाही एरर नाही, कारण आपण चुकतोय हे त्या प्रोसेसरला ठाऊकच नव्हतं. इंटेलला यापायी ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला. पेंटियमचे जनक म्हणून ओळखले जाणारे विनोद धाम मूळचे पुण्यात जन्मलेले. इतक्या हुशार हातांतून बनलेली वस्तूही तपासावी लागते, हा धडा आम्ही मुलांना देतो.

२०२१ मध्ये फेसबुकच्या इंजिनिअरांनी असाच एक प्रोसेसर जाहीर केला, ज्याचा एकच कोर १.१ च्या ५३ व्या घाताचा पूर्णांक १५६ ऐवजी शून्य सांगत होता. गप्प बसून चुकणारा कोर. आणि २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जादा व्होल्टेजमुळे झीज होत असल्याचं निघालं. तिथे बरेचसे गेम ‘ग्राफिक्सची मेमरी संपली’ असा संदेश द्यायचे आणि दोष निघाला प्रोसेसरचा. म्हणजे आधी सांगितलं त्याच्या बरोबर उलट. इंटेलने मायक्रोकोडची दुरुस्ती दिली आणि त्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. मायक्रोकोड बायोस अपडेटमधून येतो, झीज थांबवतो, पण झालेली झीज भरून काढत नाही. तुमच्याकडे या पिढीचं मशीन असेल तर बायोस अपडेट करून घ्या आणि बिल जपून ठेवा.

शेवटी एवढंच सांगू. दुरुस्ती करणारा प्रत्येक माणूस फसवणारा नसतो. बहुतेकांकडे वेळ कमी आणि मशीनं जास्त असतात, म्हणून ते अंदाजाने भाग बदलतात. तुम्ही नोंदींचा फोटो, तारखा आणि वेळा घेऊन गेलात तर चांगल्या कारागिराला मदतच होते, आणि अंदाजाने बोलणाऱ्याला जरा विचार करून बोलावं लागतं. बदललेला जुना भाग परत मागून घ्या, तो तुमच्याच मालकीचा आहे.

शाळांमधल्या आणि मदरशांमधल्या मित्रांना आमची विनंती आहे की प्रत्येक मशीनसाठी एक साधी वही ठेवा. तारीख, वेळ, इव्हेंटचा नंबर, सोळा अंक, त्या वेळी काय चालू होतं, लाईट कशी होती. नववी-दहावीच्या मुलांकडे हे काम द्या. सोळाची संख्या पद्धत पुस्तकात शिकताना जी मुलं जांभया देतात, तीच मुलं आपल्या लॅबच्या मशीनला काय झालंय ते शोधताना बिट अन् बिट मोजतात.